यशवंतानं गाडी न्यूट्रल का केली

सोपानदादा,

यार्डात तुमची शोकसभा झाली तेव्हा पहिल्यांदा मलाच बोलायला उभं केलं. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांत आता मीच जुना. मी म्हणालो, सोपानदादांनी आम्हाला घाट शिकवला, आमच्यातल्या कित्येकांचे हातपाय शाबूत आहेत ते त्यांच्यामुळे, आणि हा माणूस कधी खोटं बोलला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन मिनिटं शांत उभं राहून लोक आपापल्या शिफ्टला गेले.

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. तुम्ही एकदा खोटं बोललात. घाटात, दिवसाउजेडी, माझ्या डोळ्यांदेखत. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही मला एकच प्रश्न विचारत राहिलात. मला उत्तर माहीत होतं आणि मी दिलं नाही. आज ते लिहायला बसलोय. आता लिहून तुमचं काही व्हायचं नाही, हे मला कळतं.

पहिली फेरी आठवते का? पानशेत फुटल्यानंतरचा तिसरा पावसाळा असेल. बार्शीहून मी मॅट्रिक होऊन आलो होतो. कारकुनाची जागा मिळेना, म्हणून ट्रक चालवायचं लायसन काढलं. पिंपरीच्या कारखान्यातून नुसत्या चासी मुंबईला पोचवायचं काम होतं. चासी म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. दोन लोखंडी पट्ट्या, चार कोपऱ्यांना चाकं, पुढं इंजिन आणि त्यामागं फळकुटाची एक पेटी. त्या पेटीवर बसायचं. वर छप्पर नाही, समोर काच नाही, बाजूला दार नाही. डोळ्यांना गॉगल, अंगावर मेणकापडाचा कोट. मी घाबरून बघत राहिलो, तर तुम्ही म्हणालात, "मास्तर, बग काय र्‍हायलास? घोडं समजून बस. फकस्त ह्ये घोडं लाथ मारत न्हाई, सरळ दरीत नेतं."

मॅट्रिक म्हणून मला मास्तर म्हणणारे तुम्ही एकटेच. पुढं सगळं यार्ड म्हणायला लागलं.

तुम्ही चिखलीचे. तुमची शेती नदीच्या अंगाला, आणि तरुणपणी तुम्ही दगडखाणीचा ट्रक चालवलेला. लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण बोरघाट तुम्ही मला पुस्तक वाचून दाखवावं तसा दाखवलात. खंडाळा सोडलं की उजव्या हाताला जमीन संपते. खाली उल्हास नदीची घळ, तिच्या पलीकडं काळा कडा आणि त्या कड्यावरून पावसाळ्यात पांढरे दोर सोडल्यासारखे धबधबे. एक, दोन, सात, मोजता येईनात इतके. रस्त्याच्या डाव्या अंगालाही डोंगरातून पाणी कोसळायचं आणि वाऱ्याचा झोत आला की सगळं आमच्या अंगावर. मी आ वासून पाहत होतो. पुढच्या चासीवरून तुम्ही वळून ओरडलात, "मास्तर, रस्ता! रस्ता बग! धबधबं उद्याबी हायेत!"

त्या दिवशी शिंगरोबाच्या देवळापाशी थांबून तुम्ही मला त्या धनगराची हकीकत सांगितलीत. इंग्रजांना हा घाट सापडत नव्हता, त्यानं आपल्या मेंढरांची वाट दाखवली आणि त्यांनी त्यालाच गोळी घातली. "वाट दावणाऱ्याचं काय खरं नसतं," म्हणून तुम्ही हसलात. मग हात जोडलेत आणि मला नियम सांगितलात. जो गियर चढताना, तोच उतरताना. इंजिनानंच गाडी धरायची, ब्रेकला नुसता पाय लावायचा. मागं वजन नसलेल्या चासीला ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी घसरते. आणि न्यूट्रल? घाटात न्यूट्रल करणारा ड्रायव्हर तुमच्या लेखी माणसातच नव्हता.

पहिली तीन वर्षं मी तुमच्याच घरी राहिलो, पडवीच्या शेजारच्या खोलीत. वहिनी भाकरी करताना मला हाक मारायच्या, कारण मला गरम लागते हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही बार्शीला आलात, मांडवात कोणी ओळखीचं नसताना वाढायला उभे राहिलात. माझी थोरली झाली तेव्हा मी मुंबईत चासी घेऊन अडकलो होतो. बायकोला बैलगाडीतून दवाखान्यात तुम्ही नेलंत, आणि मी परत आलो तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बसून होतात. हे सगळं मी विसरलो नव्हतो. गप्प राहिलो तेव्हा एकूण एक गोष्ट आठवत होती.

न्यूट्रलचं मला कोणी शिकवलं नाही. ते आपोआप झालं. एकदा उताराच्या सरळ पट्ट्यावर गियर सुटला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. चासीवर बसून तुम्ही जन्मभर काय ऐकता? पायाखालचं इंजिन. सकाळी पिंपरीपासून संध्याकाळी मुंबईपर्यंत तेच. रात्री झोपल्यावरही कानात तेच घुमतं. त्या दिवशी ते थांबलं आणि धबधबे ऐकू आले. इतकी वर्षं मी नुसते बघितलेले, त्यांना आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. अख्खी घळ गरजत होती. चाकांचा सरसर आवाज, वारा आणि ते पाणी. मी वेडा झालो, दादा. पुढच्या फेरीला त्याच पट्ट्यावर मी मुद्दाम न्यूट्रल केली. पट्टा संपायच्या आत इंजिनाला थोडी रेस देऊन गियर परत टाकायचा, की झालं. हात बसला की सोपं असतं.

तुमच्या एकदा लक्षात आलं. खोपोलीला पोचल्यावर तुम्ही माझ्या कानफटात मारलीत, चारचौघांत. मी एका लेकीचा बाप होतो. "आवाज ऐकायचाय? मंग थांब, गाडी कडंला घे, बसून ऐक दिवसभर! जाताना ऐकायचा न्हाई!" मी म्हणालो, दादा, थांबल्यावर ते तसं लागत नाही. तुम्ही म्हणालात, "पुन्यांदा केलंस तर माझ्या लाईनीत तुला जागा न्हाई." वाद तिथंच राहिला. मी तुमच्या मागं असताना न्यूट्रल करायचं थांबवलं नाही, फक्त तुमचं लक्ष नसेल तेव्हा करायला लागलो. पुढं चालणाऱ्याला मागच्या गाडीचं इंजिन ऐकू येत नाही. त्याचा मी फायदा घेतला.

मग यशवंता आला. संगमेश्वराकडचा, अठ्ठावीस वर्षांचा, बायको आणि दीड वर्षाची मुलगी घेऊन आकुर्डीत खोली केलेला. गाडी चांगली चालवायचा. थोडा हळू, पण हात स्वच्छ. तुम्हाला तो आवडला, कारण उलट बोलत नव्हता. मलाही आवडला, कारण माझं ऐकायचा. "भाऊ, तुम्ही सांगा हो, दादांना विचारायची भीती वाटते," म्हणायचा. तुमच्याकडून शिकायचं ते त्यानं तुमच्याकडून घेतलं. उरलेलं मी दिलं.

तो दुष्काळानंतरचा पावसाळा होता. दोन वर्षं घाट करपून गेला होता, कड्यावर नुसते पाण्याचे काळे डाग. यशवंता त्या कोरड्या दिवसांतच नोकरीला लागलेला. घाटातले धबधबे त्यानं पाहिलेच नव्हते. पाऊस भरपूर लागला तसे आम्ही रोज बोलायचो, आता बघ, आता बघ. महिनाभर आधीपासून मी त्याला देहूरोडच्या पुढच्या लहान उतारावर न्यूट्रल करायला शिकवत होतो. तुम्ही रजेवर होतात तेव्हा. क्लच, रेस, गियर. त्याला तीनदा जमलं, एकदा कडकडलं. मी म्हटलं, जमेल.

त्या दिवशी आपल्या लाईनीत तीन चासी. पुढं तुम्ही, मध्ये मी, मागं यशवंता. लोणावळ्यापासून धुकं होतं आणि यशवंता मागं पडत होता. खंडाळ्याला चहाला थांबलो तेव्हा तो आपल्यानंतर बऱ्याच वेळानं आला. तुम्ही टपरीसमोरच त्याच्यावर आवाज चढवलात.

"लाईन म्हंजी काय असती ठावं हाय का? मागं मागं काय करतुयास? तुला हुडकायला मी माघारी यायाचं का?"

"धुकं होतं, दादा. पुढचं दिसत नव्हतं."

"आमाला दिसत हुतं काय? आता लाईन सोडायची न्हाई. सांगून ठेवतो."

यशवंतानं मान खाली घातली. तुम्ही चहाचे पैसे द्यायला आत गेलात. इतकंच तुम्हाला माहीत होतं, दादा. त्यानंतर तुम्हाला जे कधीच कळलं नाही, ते असं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गोरामोरा झाला होता, मला त्याची कीव आली. वर धुकं फाटत होतं आणि पलीकडच्या कड्यावरून सगळे धबधबे एकदम उघडे पडले. यशवंता बघतच राहिला. मी म्हणालो, "नुसतं बघून काय कळतं? आज ऐक. सरळ पट्टा आला की मी हात वर करीन. मी केलं की तू कर."

"दादा पुढं आहेत."

"त्यांना मागचं ऐकू येत नाही."

तो हसला. बोलणी खाल्लेल्या माणसाला कोणी आपल्या बाजूनं बोललं की जसं हसू येतं, तसं.

पट्टा आला. तुमची चासी पुढच्या वळणाआड गेली. मी हात वर केला आणि गियरचा दांडा न्यूट्रलला आणला. माझं इंजिन खाली आलं, आणि मागून त्याचंही खाली आल्याचं मी ऐकलं. पाण्याचा आवाज चहूकडून आला. मी मागं वळून बघितलं. यशवंता पेटीवर ताठ बसला होता, तोंडावरून पाणी ओघळत होतं, आणि तो हसत होता. मला अभिमान वाटला. हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो आहे.

मग मी वळणाच्या आधी गियर टाकला. माझा पडला. मागून कडकड असा आवाज आला. दात घसरल्याचा. पुन्हा एकदा कडकड. तोवर त्याच्या गाडीनं वेग घेतलेला. तिसऱ्यांदा आवाज आला नाही, म्हणजे त्यानं गियर सोडून ब्रेक दाबला. चाकं घासत गेल्याचा लांबच लांब आवाज आला आणि मी वळलो तेव्हा चासी आडवी होऊन कठड्यातून बाहेर जात होती. आडोसा नाही, दार नाही. यशवंता पेटीसकट सुटला.

मी गाडी लावून धावत तुमच्यापर्यंत आलो की ओरडलो, आठवत नाही. तुम्ही आलात. आपण दोघं निसरड्या दगडांवरून, करवंदीच्या जाळ्या धरत खाली उतरलो. चासी तीस-चाळीस फूट खाली एका झाडाला अडकून तिरकी उभी होती. यशवंता त्याच्याही खाली, ओढ्यात. पाणी त्याच्या अंगावरून जात होतं. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला काठावर ओढलंत. छातीला कान लावलात. पाण्याच्या आवाजात काय ऐकू येणार होतं? बराच वेळ तसेच राहिलात. मग आपला कोट काढून त्याच्या तोंडावर घातलात.

वर लोक जमायला लागले होते. चढून येताना तुम्ही चासीपाशी थांबलात. मी तुमच्या मागं चार हातांवर. दांडा मधोमध होता, न्यूट्रलला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. मग हात घालून, खटक्यासरशी दांडा गियरमध्ये ढकललात. वळलात, तर मी बघत होतो.

"तू काय पाह्यलं न्हाईस, मास्तर," तुम्ही म्हणालात. "त्याची बायकू हाय. पोर हाय. मेल्यावर त्याच्या नावाला बट्टा नगं."

पोलीस आले, पंचनामा झाला. गाडी गियरमध्ये, रस्ता ओला, घसरून अपघात. ड्रायव्हरची चूक नाही. तुम्ही अंगठा न उठवता सही केलीत, एकेक अक्षर काढून. यशवंताच्या बायकोला, कुसुमवहिनींना, जे मिळायचं ते मिळालं, भोसरीतल्या एका लहान कारखान्यात त्यांना काम तुम्हीच खटपट करून लावून दिलंत. त्या खोट्यानं कोणाचं वाईट झालं नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण पंधरा दिवसांनी तुम्ही साहेबाकडं जाऊन घाटाचं काम सोडलंत. यार्डात गाड्या लावायचं काम मागून घेतलंत. ज्या माणसानं वीस वर्षांत घाटाला एकदा पाठ दाखवली नव्हती, तो दिवसभर भिंतीच्या आत गाड्या पुढंमागं करू लागला. तुमची लाईन माझ्याकडं आली. साहेब म्हणाला, सोपानरावांनीच तुझं नाव दिलं.

आणि मग तुम्ही विचारलंत. पहिल्यांदा यार्डातल्या नळाशी हात धुताना.

"मास्तर, तू शिकल्याला हायेस. मला एक सांग. यशवंतानं गाडी न्यूट्रल का केली आसंल?"

मी म्हणालो, "काय माहीत, दादा."

"मला ठावं हाय," तुम्ही म्हणालात. "मी बोललो त्याला. लाईन सोडू नगं म्हनलो. गाडी पळंना म्हनून त्यानं न्यूट्रल मारली. मला गाठायला बगत हुता. माझ्या एका शब्दापायी."

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथंच, नळ वाहत असताना. मी काय केलं? "तुमच्यामुळं नाही, दादा," म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मंग कुणामुळं?" आणि मी म्हणालो, "नशीब."

पुढं दर पावसाळ्यात तो प्रश्न यायचा. कधी डबा खाताना, कधी चिखलीला तुमच्या ओट्यावर. शब्द थोडे बदलायचे. माझं उत्तर तेच. पहिली दोन वर्षं मला नोकरीची भीती होती. मग लाईन माझ्याकडं आली होती, ती जायची भीती. मग मी कायम झालो, पोरं शाळेला गेली, भीती घालवण्यासारखं सगळं होतं. उरलं काय तर लाज. इतके दिवस का नाही सांगितलंस, या दुसऱ्या प्रश्नाची. दरवर्षी तो दुसरा प्रश्न एका वर्षानं मोठा होत होता.

तुमच्याशी भांडलोसुद्धा मी. एकदा तुम्ही पुन्हा तेच काढलंत तेव्हा मी चिडून म्हणालो, "सोडा आता दादा! मेलेल्या माणसाला किती उकरणार?" तुम्ही म्हणालात, "तुला कळायचं न्हाई. तुझ्या हातनं कुनी गेलं न्हाई." वहिनींनी चहा आणला. मी प्यायलो. तुमच्या घरचा चहा, तुमच्या कपात.

माघात तुमची तब्येत बिघडली. फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले, ससूनला किंवा आणखी कुठंही जायला तुम्ही तयार नव्हतात. शेवटचा भेटलो तो रविवार होता, दुपार. तुम्ही खाटेवर उशांना टेकून बसला होतात, एकेक शब्दाला थांबत होतात. वहिनी शेतावरून भाजी आणायला गेल्या होत्या. घरात आपण दोघंच. कोणी येणार नव्हतं, कसली घाई नव्हती. असा निवांतपणा आठ वर्षांत मिळाला नव्हता. मी वाक्य जुळवलं होतं. दादा, त्याला मी शिकवलं. पाच शब्दही नाहीत.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला काही दिसलं का माझ्या तोंडावर? म्हणालात, "काय रं?"

मी म्हणालो, "काही नाही. पाणी देऊ?"

पाणी प्यालात. मग डोळे मिटून म्हणालात, "ऱ्हाऊ दे मास्तर. आता वर गेल्यावर त्येलाच इचारतो."

तुमचा त्यावर विश्वास होता. माझा नाही. माझ्यासाठी ते तिथं संपलं. मंगळवारी निरोप आला.

दहाव्याला नदीवर सगळे आले होते. चिखलीचे, यार्डातले, कुसुमवहिनी मुलीला घेऊन. पिंड मांडले. मी मनात ठरवून आलो होतो, की कावळा शिवणार नाही. शिवणं शक्यच नाही. मग लोक म्हणतील, अरे काय राहिलंय बघा, कोणीतरी शब्द द्या. आणि मग मी पुढं होऊन सगळ्यांसमोर सांगेन. मला कोणीतरी तसं भाग पाडायला हवं होतं, दादा. इतका मी घाबरट.

पिंड ठेवून भटजी मागं सरले आणि कावळा लगेच आला. एक नाही, दोन. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोणीतरी म्हणालं, "सुटला बिचारा. मागं काय राह्यलं न्हवतं त्याचं." मंडळी चपला घालायला लागली. मी तिथंच उभा होतो.

मग मी वहिनींकडं गेलो. त्या एकट्या दगडावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून. न्यूट्रल, देहूरोडचा उतार, खंडाळ्याची टपरी, वर केलेला हात. संपल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"लेक पनवेलला दिली आमी," त्या म्हणाल्या. "नातू झाला. बारश्याला सगळी गेली. ह्ये न्हाई आले. घाट उतरायचा म्हनून न्हाई आले. नातवाचं तोंड त्यो दोन वर्सांचा होऊन हितं आला तवा पाह्यलं. तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"ठावं हुतं," त्या म्हणाल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. नुसतं माझं उत्तर माझ्याकडं परत दिलं. "मंग मला कशापायी सांगताय, मास्तर? मला सांगून त्येंचं काय हुनार?"

उठताना त्यांनी माझा हात धरला नाही. दगडाचा आधार घेतला. चार पावलं जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "कुसुमला सांगा. तिचा नवरा हुता."

दुसऱ्या दिवशी मी आकुर्डीला गेलो. कुसुमवहिनी अजून त्याच खोलीत राहतात. मुलगी शाळेत होती. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

"तुम्ही मागं वळून बघितलंत म्हणता," त्यांनी विचारलं. "तेव्हा ते काय करत होते?"

"हसत होता."

मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

"सोपानदादा दर संक्रांतीला यायचे," त्या म्हणाल्या. "तिळगूळ, पोरीला कापड. पण आत कधी आले नाहीत. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेर बसायचे, उन्हात. मी पाट दिला तर पाट बाहेर ओढून घ्यायचे. मला वाटायचं, एकट्या बाईचं घर म्हणून संकोच करतात. चाळीतल्या बायकांना मी कौतुकानं सांगायचे. तो माणूस स्वतःला माझ्या घरात यायच्या लायकीचा समजत नव्हता. आठ वर्षं. आणि तुम्ही आत येऊन बसायचात. आत्ता बसलात तसे."

मी सतरंजीवरून उठलो.

"माझ्या नवऱ्याचं मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. "कधीतरी माफही करीन तुम्हाला, सांगता येत नाही. चूक झाली, तेही आपणहून शिकले, लहान नव्हते. पण दादांचं मला माफ करता येणार नाही. ते माझ्या हातात नाही. आता तुम्ही इथं येत जाऊ नका."

मी चपला घातल्या आणि निघालो. आकुर्डीपासून घरापर्यंत चालत आलो. घरी बायकोला सांगितलं. ती तुम्हाला दवाखान्याच्या ओट्यावर बसलेलं कधी विसरली नव्हती. ती त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. सोमवारी साहेबाला सांगितलं. त्यानं कागद बाजूला सारून ऐकून घेतलं आणि म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय करायचं, तुम्ही कामाला लागा. लाईन मी सोडली. यार्डात तुमची जागा रिकामी होती, ती मागितली, तर तो म्हणाला तिथं आधीच माणूस नेमलाय. ते बरं झालं. तुमच्या जागी बसायचा मला काही हक्क नाही.

दादा, यशवंतानं गाडी न्यूट्रल केली ती मी हात वर केला म्हणून. तुमच्या शब्दामुळं नाही. न्यूट्रलचा तुमचा नियम त्यानं पाळला असता तर तो आज असता. हे आता वहिनींना माहीत आहे, कुसुमवहिनींना माहीत आहे, माझ्या घरात माहीत आहे, साहेबाला आणि उद्यापर्यंत सगळ्या यार्डाला माहीत होईल. ज्याला माहीत व्हायला हवं होतं, त्याला सोडून मी सगळ्यांना सांगितलं.